नऊनंतर चहा बंद

— न्हाई, तसं उभ्यानं सांगू नकोस मला, धोंडीबा. कागद तिथं ठेव, बरणीखाली, आणि बस. नगरपालिकेचा शिपाई झालास म्हणून काय झालं? शाळेत होतास तवापासून ह्याच बाकड्यावर चहा प्यालास, आज बसायला लाजतोस व्हय? बस. मला वाचता येत न्हाई, तू वाचलंस, मी ऐकलं. ह्या गल्लीतली चहाची हाटेलं आजपासून रात्री नऊला बंद. का? तर रात्रीची हितं पिऊन आलेली माणसं गोळा होतात, आरडाओरडा करतात, बायामाणसांना रस्त्यानं जाता येत न्हाई. खरं हाय. होतात गोळा. मी कुठं न्हाई म्हणतो? — पण ती पितात कुठं? माझ्या किटलीतनं पितात? समोर बघ. अरे, मान वर करून बघ की! वाच ती पाटी. देशी दारूचं दुकान, सरकारमान्य. ते कधी बंद होणार? दहाला. म्हणजे माणूस झिंगून बाहेर पडणार दहाला, आणि त्याच्या पोटात चहाचा घोट घालणारा मीरासाहेब नऊलाच फळ्या लावून घरी. हा कुठला न्याय, मला सांग.

काय म्हणालास? तो परवाना पुण्यातनं येतो. दारूचं खातं सरकारचं, तिथं नगरपालिकेचा हात पोचत न्हाई — व्हय, ठाऊक हाय. दुकान निघालं तवा ह्या वस्तीतल्या सगळ्या बाया गेल्या होत्या नगरपालिकेत. आमची खातूनबी कधी एकटी बाजाराला जात न्हाई, ती गेली, गिरजाबाई गेली, ती भिमाबाई पुढं होऊन भांडली. आणि तुमचे नगराध्यक्ष नानासाहेब खुर्चीवरनं उठले, हात जोडले, म्हणाले — बायांनो, माझ्या हातात असतं तर उद्या बंद केलं असतं. बाया भोळ्या. त्यांना वाटलं, बिचाऱ्याच्या मनात हाय पण इलाज न्हाई. परत आल्या. आणि आज ह्या कागदावर सही कुणाची? नानासाहेबाचीच ना? दारू हातात न्हाई, पण चहा हातात हाय, मग ज्याच्यावर हात पोचतो त्याचाच कान धरा! वर दाखवायला झालं, की बघा, आमी बंदोबस्त केला.

चढला आवाज माझा. चढू दे. इतक्या वर्षांत कधी ऐकलास का माझा आवाज? पूर्वी दारूबंदी होती तवा पवनेच्या काठाला झाडीत चोरून गाळायचे, पिणारा पण अंधारातनं, तोंड लपवून घरी जायचा. आता दिवाबत्ती हाय, फळ्यांना रंग हाय. कंपनीचा भोंगा झाला की रांग लागते. आणि ती रांग बाहेर पडली की तिचं काय करायचं, ते कुणी ठरवलं? कुणीच न्हाई. ते मी करतो. हितं बसवायचा, आलं ठेचून काळा चहा द्यायचा आणि बोलायचं न्हाई. शहाणपण शिकवलं की माणूस उठतो आणि परत समोर जातो. गप बसू दिला की उतरते हळूहळू. मग आपल्या पायानं ठेसनावर जातो.

एक गिऱ्हाईक हाय माझं — नाव जाऊ दे — कंपनीत वेल्डर हाय, दापोडीला राहतो. समोरचं बंद झालं की रस्ता ओलांडून येतो, त्या कोपऱ्यात बसतो. 'एक चहा.' बास, एवढंच. माझ्याकडं बघत न्हाई, मी पण बघत न्हाई. कप ठेवतो. तो संपला की न मागता दुसरा ठेवतो. मग शेवटच्या लोकलनं जातो. गेल्या पावसाळ्यात मला ताप आला आणि हाटेल बंद राहिलं — तर सकाळी हा कुठं सापडला? दापोडीच्या फाटकापाशी, रुळाच्या कडेला झोपलेला. एक हात रुळावर, धोंडीबा! लाइनवरच्या माणसानं ओढला म्हणून हात राहिला. झुलेखा पोर कडेवर घेऊन रडत आली हितं, म्हणाली, अब्बा, कितीही ताप येऊ दे, तुमी हाटेल बंद ठेवू नका, तुमच्याकडं बसून आला की इम्तियाज शहाण्यासारखा घरी —

हं.

ऐकलंस ना? मग ऐक आता. सून हाय माझी ती. तो लेक हाय. तुला वाटलं, इम्तियाज बदली होऊन मुंबईला गेलाय — मीच सांगितलं होतं तसं सगळ्यांना. ईदच्या दिवशी पिऊन घरी आला. खातूनबीनं पुढ्यातलं ताट उचललं. तर दारात उभा राहून त्यानं शपथ घेतली, ह्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडणार न्हाई. दारूच्या शपथा किती मोडल्या, त्याला सुमार न्हाई. ही एक तेवढी पाळतो पठ्ठ्या! हाटेलाला उंबरा न्हाई, म्हणून हितं येतो. मला अब्बा म्हणत न्हाई. जाताना चहाचे पैसे ठेवतो, आणि मी घेतो. पोटच्या पोराकडनं घेतो. न घेऊन कसं चालंल? घेतले न्हाईत तर यायचा बंद होईल. आई त्याची घरात कंदील लावून जागी असते. मी गेलो की एकच विचारते — बसला होता? मी म्हणतो, बसला होता. मग झोपते.

काय? मागच्या दारानं? पुढनं फळ्या लावून मागनं द्यायचा, तू बघितलं न बघितल्यासारखं करशील? चांगल्या मनानं सांगतोस, कळतंय मला. पण अरे, समोर त्यांनी पाटी लावून दारू विकायची आणि मी चहा चोरून विकायचा? न्हाई. ते जमणार न्हाई मला. नऊला फळ्या लावीन. तुमचा कायदा पाळीन. आणि किटली घेऊन समोर जाईन, त्या दुकानाच्या पायरीवर बसंन. नमाजी माणूस, दाढी पिकलेली — लोक म्हणतील, मीरासाहेब म्हातारपणी बिघडला. म्हणू देत. तिथं मी विकणार न्हाई, नुसता देणार. बापानं लेकाला चहा पाजायचा तर त्याला परवाना लागतो का, विचार जा नानासाहेबाला! त्याचा हात पोचतो का तिथं, ते पण विचार!

तिथं बसलो म्हणजे... हितं कसं, हाटेलवाला आणि गिऱ्हाईक. दोघांचं झाकलेलं असतं. तिथं चारचौघांत मी त्याचा बापच असणार. दारातनं बाहेर येईल, मला बघंल. आणि कप न घेता तसाच पुढं गेला, रुळाच्या बाजूला, तर —

जा तू, धोंडीबा. न्हाई, काही न्हाई. जा.