मुरलीधर काका यंत्र नाहीत याबाबत

जबाब देणार: श्रीमती हेमलता सूर्यकांत खर्चे, वय ५५ वर्षे, धंदा नोकरी (केंद्र सरकारी कार्यालयात सहायक), मूळ राहणार मलकापूर, जिल्हा बुलढाणा, हल्ली राहणार सरकारी वसाहत, नवी दिल्ली. घर क्रमांक तोंडी सांगितला आहे. तो या कागदावर घालू नये अशी मी विनंती केली, तिचे कारण पुढे येईल.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मला हिंदी चांगली येते, तीस वर्षे दिल्लीत काढली आहेत. पण हा जबाब मला मराठीतच द्यायचा आहे. कारण हिंदीतला एक तयार जबाब माझ्या पर्समध्ये आधीच पडलेला आहे. त्याबद्दलही सांगते. येथे मराठी लिहिणारे कोणी नसल्याने शेजारच्या ठाण्यातून हवालदार तेजश्री यांना बोलावण्यात आले. त्या अकोल्याच्या. त्या लिहीत आहेत आणि मी सांगत आहे.

माझी मुलगी देवयानी, वय २६, नाटकात काम करते. मंडी हाऊसच्या आसपासच्या नाट्यगृहांत तिची सात-आठ वर्षे गेली. यापूर्वी कॅमेऱ्यासमोर तिला तीनदा काम मिळाले. तिन्ही वेळा मोलकरणीचे. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने तिला ‘गगनिका’ या चित्रपटासाठी निवडले. गगनिका ही जुन्या चित्रकथांमधली उडणारी, मुखवटा घालणारी बाई आहे. शूटिंग नोएडाला चालू आहे. निवड झाल्याचे कळले त्या दिवशी माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा न सांगता पेढे आणले.

चित्रपट अजून आलेला नाही. फक्त पोस्टर आले. त्यात देवयानीने मुखवटा हातात धरला आहे आणि चेहरा उघडा आहे. संध्याकाळपर्यंत त्याखाली हजारो लोकांनी लिहिले. गगनिका गोरी होती, हिला कोळशाच्या खाणीतून आणले का. गगनिका आहे की घरकामाची बाई. उडताना झाडू घेऊन उडणार का. बाकीचे मी सांगणार नाही. हवालदार मॅडमनी पाहिले आहे, त्यांनी मान खाली घातली.

पब्लिसिटीचे काम पाहणारे अनुराग नावाचे गृहस्थ आहेत. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, “आंटी, टेन्शन मत लो. गाली भी तो पब्लिसिटी है. ट्रेंडिंग में हैं हम.” मी म्हटले, “आम्ही म्हणजे कोण? शिव्या तर तिलाच पडताहेत.” त्यावर ते हसले. देवयानीने एक शब्दही बोलायचा नाही असे करारात लिहिलेले आहे. ती बोलली नाही. आरशासमोर उभी राहून चेहऱ्याला काहीबाही लावायची आणि परत धुवायची. मी आई आहे. माझ्या तोंडावर कोणाचा करार नव्हता.

आमच्या महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस श्री. मुरलीधर पिंपळखरे, वय ७६, यांच्याकडे मी गेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. हिशेब खात्यातून निवृत्त झाले, राहणार मुनिरका. देवयानीला गणेशोत्सवाच्या स्टेजवर पहिल्यांदा त्यांनीच चढवले होते, पाच वर्षांची असताना, सशाचे कान लावून. काका म्हणाले, “रडतेस काय? आपण निवेदन देऊ.” सरकारात निवेदन कसे जाते ते मला ठाऊक आहे. मजकूर एक, सह्या शंभर. जितका मजकूर सारखा, तितके वजन जास्त. काकांनी मजकूर तयार केला आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. “कु. देवयानी खर्चे ही आमच्या मंडळाची गुणी कन्या असून तिच्या वर्णावरून चाललेली टीका निषेधार्ह आहे. खाली आपले नाव, गाव व हुद्दा लिहावा.”

लोकांनी लिहिले. पोस्टरखाली जाऊन जसेच्या तसे चिकटवले. करोल बागेच्या कौशल्याबाई वाघमोडे, वय ८२, यांनी नातवाकडून शिकून घेऊन चिकटवले. निम्म्या लोकांनी “खाली आपले नाव, गाव व हुद्दा लिहावा” हेही तसेच ठेवले आणि त्याखाली नाव, गाव, हुद्दा लिहिला. मला त्या दिवशी फार बरे वाटले. देवयानीला मी एकेक नाव वाचून दाखवले. ती म्हणाली, “आई, हे सगळ्यांनी सेम टू सेम का लिहिलंय?” मी तिला म्हटले, “एकी आहे म्हणून.”

राघव नावाचा एक मुलगा नोएडात राहून सिनेमांवर व्हिडिओ करतो. त्याने आमच्या मंडळाची निवेदने मोठी करून दाखवली. विकत घेतलेल्या कमेंट, असे म्हणाला. ही माणसेच नाहीत, बॉट आहेत, कंपनीने मशीन लावून लिहून घेतले आहे, असे म्हणाला. कौशल्याबाईंचा डीपी दाखवून म्हणाला, “बॉट को साड़ी किसने पहनाई?” हा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. त्यानंतर शिव्या मंडळाकडे वळल्या. कौशल्याबाईंना शिव्यांचा अर्थ नातवाला विचारावा लागला. ग्रुपवर लोक मला म्हणाले, तुमच्या पोरीपायी आमच्या इभ्रतीचा पंचनामा झाला. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

काकांना मात्र ते फार लागले. त्यांनी मला फोन करून विचारले, “बॉट म्हणजे नक्की काय गं?” मी सांगितले, माणूस नसलेले, आपोआप बोलणारे यंत्र. काकांनी फोन ठेवला. मग त्यांनी राघवच्या व्हिडिओखाली उत्तर लिहिले. सबंध आयुष्य सरकारी पत्रे लिहिलेला माणूस. खाली सही करावी तसे पूर्ण नाव, निवृत्तीचा हुद्दा, घराचा पत्ता आणि फोन नंबर लिहिला. आणि वर, “मी यंत्र नाही. शंका असल्यास सायंकाळी पाच ते सात या वेळेत समक्ष भेटून खात्री करून घ्यावी.” मला कळेपर्यंत ते सगळीकडे फिरलेले होते. मी म्हटले, “काका, ते काढून टाका.” ते म्हणाले, “का? खरे आहे ते.”

घटनेच्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला की तीन मुले भेटायला येणार आहेत, राघवच्या चॅनेलची, तू ये आणि कांदेपोहे कर. मी रजा टाकून गेले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मंडळाचा फोटो भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला होता. देवयानीला पाहायला आजवर कोणी आले नव्हते. आले ते हे, आणि मी त्यांच्यासाठी पोहे केले. खोबरे, कोथिंबीर सगळे घातले.

मुले आली. नमस्ते अंकल म्हणाली. मोबाईल स्टँडवर लावला, लाइव्ह चालू आहे असे सांगितले. पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले. मग त्यांतला एक म्हणाला, “अंकल, टेस्ट देनी पड़ेगी. पता चल जाएगा इंसान हो या बॉट.” त्याने दुसऱ्या मोबाईलवर एक कोडे काढले. बँकेचे काम करताना येते ना, लहान लहान चौकोनी चित्रे असतात, त्यांत सिग्नल कुठे कुठे आहेत ते दाबायचे. काकांनी चष्मा बदलला. बोटाने दाबले. चुकले. मुले हसली. काका म्हणाले, “फिर से दिखाइए.” परत चुकले. सिग्नलचा नुसता खांब असला तर तो धरायचा की नाही, हे त्यांना कळत नव्हते. खरे सांगते, ते मलाही कळत नाही. मुले ओरडली, “बॉट निकला! अंकल बॉट निकला!” काका त्यांच्याबरोबर हसले. परीक्षा आहे असे समजून ते घाम पुसत होते, मेली ती परीक्षा. तेव्हा मी उठले आणि म्हटले, “निकलो यहाँ से. खाया हुआ हजम होने से पहले निकलो.”

मुले निघाली. काका त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेले. मला त्यांचा आवाज ऐकू आला, “बेटा, एक बार और दिखाओ, मैं बता दूँगा.” मी दारात पोहोचले तेव्हा ते वरून तिसऱ्या पायरीवरून पडत होते. मुले त्यांच्या खालच्या बाजूला होती आणि मोबाईल वर धरलेला होता. त्यांना कोणी ढकलले नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. काकांचे खुब्याचे हाड मोडले आहे.

तो व्हिडिओ पसरला आणि एका दिवसात वारे फिरले. काल शिव्या देणारे आज रडायला लागले. अनुराग दवाखान्यात आले. मला वाटले, चला, माणुसकी आहे. त्यांनी पिशवीतून गगनिकेची निळी ओढणी काढली आणि काकांच्या खांद्यावर घातली, फोटो काढण्यासाठी. खाली “रिअल हीरो” लिहायचे होते. काका औषधाच्या गुंगीत होते, त्यांना वाटले मंडळाचा सत्कार आहे, त्यांनी हात जोडले. देवयानीने ती ओढणी काढून घेतली, घडी करून अनुराग यांच्या हातात दिली आणि म्हणाली, “सर, प्लीज.” एवढेच म्हणाली. बाहेर पॅसेजमध्ये तिने मला सांगितले की शूटिंगच्या पार्टीत तिने राघवला अनुराग यांच्या टेबलावर जेवताना पाहिले होते, व्हिडिओ आला त्याच्या आदल्या आठवड्यात. एकमेकांना “यार” म्हणत होते. यातून काय निघते ते मी सांगत नाही. पाहिले ते सांगितले.

त्यानंतर अनुराग यांनी मला एक टाइप केलेला कागद दिला. पोलिसांत हाच जबाब द्यायचा, मंडळातल्या बाकीच्यांनाही प्रती पाठवल्या आहेत, सगळ्यांनी एकच सांगायचे, म्हणजे केस मजबूत होईल. त्यात लिहिले आहे की दुसऱ्या एका चित्रपटाच्या चाहत्यांनी हे गुंड पाठवले आणि त्यांनी वृद्धाला ढकलून दिले. सुरुवातीला मोकळी जागा आहे आणि तिथे छापले आहे, “यहाँ अपना नाम और पता लिखें.” शेवटी चित्रपटाच्या प्रदर्शनाची तारीख आहे. मी विचारले, “पोलीस जबाबात पिक्चरची तारीख कशाला?” ते म्हणाले, “आंटी, ये सब मीडिया में जाएगा ना.”

मी म्हटले, मी यावर सही करणार नाही. जे पाहिले ते सांगेन. सगळ्यांनी एकसारखे लिहिले की काय होते, ते आम्ही एकदा भोगले आहे. तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून हिंदीत सांगितले त्याचा अर्थ असा, की पोस्टर छापून झाले, पुढच्या सगळ्या सीनमध्ये चेहऱ्यावर मुखवटा आहे, मुखवट्याच्या आत कोणीही उभी राहू शकते. आवाजही दुसरीचा लावता येतो. विचार करा.

मी विचार केला. खोटे कशाला बोलू, रात्रभर केला. ढकलले असे लिहिले तर माझ्या मुलीचे काम राहते. ती मुले काही साधू नाहीत, त्यांच्यासाठी मी माझ्या लेकीच्या ताटात माती का कालवू? त्यांची मला दया येत नाही, आजही येत नाही. पण काकांनी आपले नाव-गाव लिहिले ते खरे आहे म्हणून. त्यांच्या नावावर मी खोटे कसे लिहू? सकाळी देवयानीला विचारले, मी काय करू? चहाचा कप विसळत ती म्हणाली, “बोल ना आई. मास्कच तर आहे.” तिने माझ्याकडे पाहिले नाही.

येण्यापूर्वी मी अनुराग यांना फोन करून कळवले की माझा जबाब मी माझ्या शब्दांत देणार आहे. मग काकांना भेटून आले. ते शुद्धीवर आहेत. त्यांनी मला एकच विचारले, त्या चित्रांत सिग्नल एकूण किती होते.

माझी तक्रार त्या तीन मुलांविरुद्ध आहे, की त्यांनी एका वृद्ध माणसाकडे त्याच्याच घरात बसून, त्याचेच खाऊन, माणूस असल्याचा पुरावा मागितला, आणि तो पडल्यावर उचलले नाही. ज्यांनी त्यांना पाठवले असेल त्यांचाही तपास व्हावा. यासाठी कोणते कलम लागते ते मला माहीत नाही. कंपनीने दिलेला कागद मी सोबत जमा करत आहे, कोरा, नावाची जागा न भरता.

जबाब इथपर्यंत आला असताना बाहेर बाकावर बसलेली देवयानी आत आली. तिला कंपनीचा फोन आला होता. ती म्हणाली, “आई, उद्यापासून शूट नाहीये माझं. तुझं झालं का? घरी जाऊ या.” हवालदार मॅडमनी लिहिणे थांबवून मला विचारले की आधी सांगितलेल्यातले काही बदलायचे आहे का, अजून सही झालेली नाही.

काही बदलायचे नाही. मॅडमनी सर्व मजकूर मोठ्याने वाचला. “त्यांना कोणी ढकलले नाही” हे वाक्य मी देवयानीसमोर पुन्हा वाचायला लावले. ते तसेच राहू द्यावे. यातला शब्द न् शब्द माझा आहे, कोणाचा पाहून उतरवलेला नाही. सही करते.

(सही)
हेमलता सूर्यकांत खर्चे