हात आधीच जुळलं

मी पारनेरच्या पल्याडची, कोरडवाहू गावातली. नाव सोनाबाई, पर ताई, गावात सोनाबाई मला कुनी म्हनलंच न्हाई, शेंबड्या पोरापास्नं म्हाताऱ्यापत्तुर सगळ्यास्नी मी सोनी. आमी तवा म्हार, आता बौद्ध, आन माझा बा गावचा येसकर. येसकर म्हंजी काय सांगू तुमाला, चावडी झाडायची, सायबाच्या घोड्याम्होरं पळायचं, आन गावात कुनी मेलं की पाव्हन्यांच्या गावोगाव पायी सांगावा न्यायचा. बदल्यात दारोदारची भाकर, ती बी वरून टाकल्याली.

तर पाटलाची म्हातारी गेली त्या सकाळी माझा धाकटा भाऊ तापानं फनफनत हुता. सख्या त्याचं नाव, लई गुनाचं पोर, माझ्याच कडंवर वाढल्यालं. पाटलाचा थोरला लेक, नुकत्या मिशा फुटल्याला, म्हारवाड्याच्या तोंडाशी हुबा ऱ्हाऊन हाका मारतोय, आत कशाला यील. बा म्हनला, मालक, पोराचं लक्षन बरं न्हाई, आज दुसऱ्याला धाडा. तर म्हनला, हितं आजीची माती खोळंबलीय आन तुला पोराचा ताप सुचतोय व्हय रं. बा गेला. सांगावा पोचवून परत आला तवर सख्याला पुरून आमी घरी आल्तो. बा रडला न्हाई. दुसऱ्या दिशी चावडी झाडाय गेला. त्याच्या त्या वाकल्या मानंची मला जल्मभर लाज वाटली, लई राग केला म्या त्याचा.

आता ह्यो दुष्काळ. हिरी आटल्या, सगळा गाव सडकंच्या कामावर खडी फोडतोय. त्योच पाटलाचा लेक, आता म्हातारा पाटील, टावेलात तोंड लपवून माझ्या शेजारच्या ढिगावर बसतो. एक दिस घरून निरोप आला, नातीला ताप चढलाय. पाटील उठला तर मुकादम म्हनला, माप झाल्याबिगर हलायचं न्हाई. पाटील हात जोडतोय आन मुकादम बिडी वढतोय. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्या पोरीचा इचार आला, तिचा काय गुन्हा, आन लाज वाटली.

नात वाचली. मग एका दुपारी भाकर खायाच्या वक्ताला पाटील माझ्याम्होरं यून खडीवर बसला. म्हनला, सोनाबाई, तुझ्या भावाच्या वक्ताला म्या पाप केलं, मला माफ कर. सोनाबाई म्हनला, ताई. आन मी? त्याचं बोलनं सरायच्या आत म्हनलं, असूं द्या मालक. इचार न्हाई, काय न्हाई. मान वाकली, हात जुळलं. त्यो डोळं पुसून मोकळा हून गेला.

घरी यून म्या कपाळ बडवून घेतलं. ही काय माफी झाली? सख्या माझा, आन असूं द्या म्हनून मी त्याला देऊन टाकला. ज्या मानंसाठी बाचा राग केला तीच मान माझ्या खांद्यावर. मला माझीच किळस आली बघा.

दुसऱ्या दिशी समद्यांच्या देखत त्याच्याम्होरं जाऊन हुबी ऱ्हायले. म्हनलं, "पाटील, कालची माफी मी माघारी घेतीया. ती भ्याल्याली हुती. द्यायची का न्हाई, ते आजून म्या ठरीवलं न्हाई."

हातोड्या थांबल्या. पाटील खाली बघतच म्हनला, तुझ्या मनानं कर सोनाबाई. मला वाटलं, जितली बया. तर माझ्याच ढिगावर खडी फोडनारी माझी लेक, सातवी शिकल्याली, हळूच म्हनती, "आई, हात." बघते तर काय, बोलताना समदा येळ माझं हात जोडल्यालंच. लेकीनं ते सोडवलं आन एका हातात हातोडी दिली.

आजून शेजारीच बसतो आमी, ढिगाला ढीग लागून. त्यो बघतो, इचारत न्हाई. मी बी काय ठरीवलं न्हाई. लेकीचं भलं हू द्या, तुमचं बी भलं हू द्या, तिच्यावर ही पाळी नगं. मी आपली हातोडी घट धरून बसते, मोकळं सोडलं तर ह्या हातांचा भरवसा न्हाई.