चिमट्यांच्या कारखान्याला झालेली इजा

…आणि वर हे सरकारी लोक मलाच विचारतात, ‘पण काका, तुम्हाला इजा झालीय कुठे?’ कुठे म्हणजे! अहो, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचा माझा कारखाना, दोन लाकडी पट्ट्या, मध्ये तारेची स्प्रिंग, वडिलांपासून चालत आलेला, चार यंत्रं, एकोणीस माणसं… आणि एक दिवस बाजारात बाहेरच्या देशातला चिमटा आला, रंगीत, प्लास्टिकचा, आम्हाला नुसतं लाकूड जेवढ्याला पडतं ना, त्याच्या निम्म्या भावात अख्खा तयार चिमटा! मी म्हटलं, सरकार लावेल की आयातकर, पूर्वी होताच. तर दुकानदार हसला. ‘कसला कर घेऊन बसलात! आपल्या देशाने जागतिक व्यापाराच्या करारावर सही केलीय, आता मनाला येईल तसा कर वाढवता येत नाही!’ घ्या! कुणीतरी, कुठल्यातरी थंड गावात, मऊ खुर्चीत बसून सही ठोकली, आणि इथे माझी तीन यंत्रं बंद, बारा माणसं घरी. बरं, त्या सही करणाऱ्याने जन्मात एकदा तरी दोरीवर ओली चादर टाकली असेल का हो?

तुम्हाला सांगतो, मी गप्प बसलो असतो. पण बायकोचा भाऊ! त्याला कायद्यातलं सगळं कळतं, स्वतःचं दुकान सोडून. म्हणाला, ‘भावजी, हे लोक हाच चिमटा त्यांच्या देशात महाग विकतात आणि इथे मातीमोल भावाने ओततात. त्यावर त्याच नियमांत उपाय आहे! अर्ज करा, तपासणी होईल, जादा कर बसेल. फक्त देशी उद्योगाला इजा झालेली दिसली पाहिजे. दिसली पाहिजे, काय? तुम्ही फक्त रडा!’ आता गंमत बघा, देशात चिमटेवाले उरलो होतो तीन, त्यातले दोघं बाहेरचाच माल आणून विकायला लागलेले, त्यांना नियम देशी उद्योगात धरायला तयार नाही… म्हणजे अख्ख्या देशाचा चिमटा उद्योग कोण? मी! एवढं मोठं पद आमच्या सात पिढ्यांत कुणाला मिळालं नव्हतं. मी दोन दिवस जरा ताठच चालत होतो.

अर्ज गेला, पत्र आलं, मंगळवारी तपासणीला येतो. झालं! बायको म्हणते, ‘अगं बाई! सरकारी माणूस येणार आणि भिंती ह्या अशा?’ मी म्हटलं, अगं, अशाच हव्यात, आपण बुडालोय हेच तर दाखवायचंय! ‘बुडालोय ते आपल्या घरात. पाहुण्यासमोर कशाला वाभाडे?’ आणि मंडळी, मला पटलं! इथेच तर घोडं पेंड खातं. वडील सांगायचे, धंदा बसला तरी कपड्याची इस्त्री मोडायची नाही. मग मी भिंतींना रंग दिला. फाटक घासलं. मिस्त्री आमचा जुना माणूस, तो बंद यंत्रांना तेल घालायला लागला. मी ओरडलो, ‘अरे, बंदच राहू दे!’ तर म्हणतो, ‘मालक, गंजलेलं यंत्र परक्या माणसाला दाखवू? माझी काही अब्रू?’ आता पाहुण्यापुढे रडायचं कसं, तुम्हीच सांगा!

आरशासमोर सराव केला हो मी! ‘साहेब, मेलो!’ असं म्हणून बघितलं. बायको आतून म्हणाली, ‘हसू येतंय तुम्हाला.’ येत होतं खरं.

मंगळवार उजाडला. फाटकात बघतो तर काय, मी घरी बसवलेली ती बाराच्या बारा माणसं हजर! इस्त्रीचे कपडे, केस चापून बसवलेले. पुढे आमच्या मावशी, वीस वर्षं स्प्रिंगा बसवणाऱ्या. म्हणाल्या, ‘मिस्त्रींनी निरोप दिला, मोठं माणूस येणार. कारखाना रिकामा दिसला तर तुमचं नाक कापलं जाईल.’ ज्यांना मी कामावरून काढलं ती माणसं माझं नाक वाचवायला आलेली! मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना परत जा म्हणू? कोणत्या तोंडाने?

तपासणीला आली एक बाई, माझ्या मुलीच्या वयाची. चारही यंत्रं धडधडतायत, एकोणीस माणसं वाकून काम करतायत. ती मोजते, अर्ज बघते, पुन्हा मोजते. ‘काका, अर्जात सात कामगार लिहिलेत.’ मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी, ‘आम्ही इथेच असतो हो बाई! कुठं जाणार?’ बाई म्हणाली, ‘तीन यंत्रं बंद आहेत ना?’ मिस्त्री छाती काढून, ‘बंद? माझ्या हातात यंत्र बंद पडत नाही!’ मी त्याला डोळे वटारतोय, त्याला वाटलं शाबासकी देतोय.

मग ती माझ्याकडे वळली. पेन टेकवून थांबली. हळूच म्हणाली, ‘काका, नीट आठवून सांगा. काही त्रास आहे का?’ तिला कळलं होतं हो! तिला ‘आहे’ एवढंच ऐकायचं होतं. एक शब्द! त्यावर माझ्या माणसांची कामं परत येणार होती. शब्द ओठांवर आला… आणि मागे एकदम यंत्रं थांबली. वळून बघतो तर एकोणीस जण माझ्याकडे बघतायत. मालक काय बोलतो म्हणून. आता पाहुण्यापुढे रडायचं कसं, आणि ह्यांच्यापुढे तर त्याहून कसं, तुम्हीच सांगा!

मी म्हटलं, ‘छे छे! फर्स्ट क्लास चाललंय!’

आणि थांबलो का? नाही! म्हटलं, ‘पुढच्या वर्षी पाचवं यंत्र घेतोय!’ कसलं पाचवं? कुठून आलं ते? जीभ माझी, पण लगाम कुणाच्या हातात होता देव जाणे! मागे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाजूला अर्जाची फाइल धरून उभा असलेला मेहुणा मटकन खाली बसला.

निकाल आला. ‘देशी उद्योग सुदृढ आढळला. जादा कराची गरज नाही.’ दोन महिन्यांत चौथं यंत्रही थांबलं. मावशी आता बाहेरच्या चिमट्यांच्या गोदामात खोकी फोडतात. परवा रस्त्यात भेटल्या, माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, तर म्हणतात, ‘त्या दिवशी काय बोललात मालक! मान ताठ झाली.’ मी रस्त्यातच रडलो. इतका छान रडलो, आणि बघायला सरकारचं कुणीच नाही!

तो अहवाल मात्र वरपर्यंत गेला. बाहेरच्या मालापुढे टिकलेला एकमेव चिमटेवाला! म्हणून तर, मंडळी, आज तुम्हा सगळ्या छोट्या कारखानदारांसमोर मला उभं केलंय. पंचेचाळीस मिनिटं दिलीयत, विषय दिलाय ‘माझ्या यशाचं रहस्य’. चाळीस तर अशीच गेली. आता उरलेल्या पाचात ते रहस्य… तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा हो, मी लिहून घेतो.