शेरा सगळ्यांना एकच

हसू नका गं, पण मागच्या महिन्यात सेक्टर सहाच्या आयांना मीच रडवलं. पोरीच्या हिंदी शाळेची वेबसाइट माझ्याकडे. प्रगतिपुस्तकाचं पान पटकन उघडावं म्हणून मी शेऱ्याचा भाग कॅशमध्ये ठेवला, म्हणजे एकदा तयार झालेलाच सगळ्यांना दिसणार. शेरा प्रत्येक पोराचा वेगळा असतो, एवढंही मला सुचू नये? त्यात तपासायला पहिलं पान उघडलं माझ्याच पोरीचं. मग नाव ज्याचं त्याचं, पण खाली सगळ्यांना तिचाच शेरा: "टिफिन रोज वापस आता है. माँ ध्यान दे."

दोन दिवस एकाही आईची तक्रार नाही. प्रत्येकीला ते आपलंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वैशालीताई आल्या, डोळे सुजलेले, मोबाइलवर तोच शेरा उघडलेला. "काय वो, मी पाचला उठून पराठे करून राहिली, तरी मॅडमनं असं काहून लिहिलं?"

मी लगेच चूक दुरुस्त केली आणि त्यांच्या पोराचा खरा शेरा दाखवला: "टिफिन पूरा खाता है, दूसरों का भी."

त्या हसल्या. "मंग तो शेरा कोणाच्या पोराचा होता वो?"

"कोणाचाच नाही, ताई," मी म्हटलं. "सर्व्हरची चूक."