इयनची टोपी आणि आईचं औक्षण

टोपीवरून आठवलं. इथे परदेशात, आल्मेरेत, आमचा शेजारी इयन, अस्सल स्कॉटिश. त्याच्या वाढदिवसाला त्याला घरी बोलावलं, तर पठ्ठ्या किल्ट, म्हणजे त्यांचा तो चौकड्यांचा घागरा, आणि डाव्या बाजूला घराण्याचा बिल्ला लावलेली निळी लोकरी टोपी घालून आला. आत येताच टोपी काढून हातात धरली.

पुण्याहून आलेली आई निरांजन घेऊन तयार. "बोडक्या डोक्याने औक्षण नाही करत. टोपी घालायला सांग!"

इयन मला म्हणाला, "आईंना सांग, आमच्यात पुरुष घरात टोपी घालत नाहीत."

दोघंही हट्टी. शेवटी अंगणात गेलो, घराबाहेर टोपी चालते म्हणून. वाऱ्याने ज्योत विझायला लागली, तशी इयनने टोपी काढून आडोसा केला. झालं, डोकं पुन्हा बोडकं! मग आईने स्वतःची गुलाबी कानटोपी त्याच्या डोक्यावर चढवली आणि ओवाळलं.

इयनने फोटो त्याच्या आईला पाठवला. तिचं लगेच उत्तर, "छान! पण बिल्ला कुठाय? डाव्या बाजूला लाव!"