माझा गुलाब, तिची बाल्कनी

आता तुम्हीच सांगा, सासूबाई राहतात माझ्याकडे, जेवतात माझ्याकडे, चष्मा हरवतात माझ्याकडे, मग सकाळचा चहा तेवढा धाकट्या जावेच्या बाल्कनीत का? आणि चहासुद्धा माझ्याच हातचा बरं का! कप सांभाळत, गुडघा धरत, जिना चढून वर जातात... का? तर तिचा गुलाब फुललाय! मी जळत नाही हं, तुम्हाला नुसतं सांगते.

मग मीही गेले नर्सरीत. तो माळी विचारतो, "बाई, ऊन किती येतं?" म्हटलं, "तिच्याएवढंच येतं, तुम्ही तिच्यापेक्षा मोठं रोप द्या!" आणलं. पोटच्या पोरासारखं जपलं. आणि आठवड्याभरात पानं पिवळी! वरून जाऊ विचारते, कशी, तर अगदी गोड, "ताई, खत घालू का हो तुमच्या गुलाबाला?" तुमच्या म्हणे! मी जळत नाही हं, पण बोलण्याची काही रीत असते की नाही?

शेवटी ती खाली आलीच. मातीत बोट घातलं नि ओरडली, "अगंबाई, ताई, ही कुंडी आहे की विहीर?" म्हटलं, मी तर सकाळी एकच तांब्या घालते. तेवढ्यात आमचे हे पेपराआडून म्हणतात, "अगं, ऑफिसला जाताना मीही घालतो... तू रुसू नयेस म्हणून." आणि सासूबाई? "मी वरून आले की घालते गं. वर जाते ना रोज, मनाला लागतं माझ्या."

घ्या! तिघांच्या मायेत बिचारं बुडालं! आणि ही म्हणते काय, "मी तर पाणी घालायला विसरतेच बाई!" विसरते! आणि तिचं फुलतं! मी जळत नाही हं, पण देवाला काही हिशेब आहे का?

कुंडी उचलून ती वर घेऊन गेली. माझी कुंडी, माझा गुलाब, तिची बाल्कनी! महिनाभर मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही... म्हणजे, कपडे वाळत घालताना दिसायचं तेवढंच. काल सासूबाई कठड्यावरून वाकून ओरडल्या, "अगं ए, तुझ्या गुलाबाला कळी आली गं!" सगळ्या सोसायटीनं ऐकलं. मी म्हटलं, "येऊ दे की, मला काय त्याचं!"

आज सकाळी फूल उमललं आणि मी दोन कप चहा घेऊन वर गेले.