बावीस मिनिटं

सासरे : म्हणजे माझं घड्याळ चुकलं होतं, असं मी लिहून द्यायचं?

जावई : एकच ओळ, बाबा. धरणाचा दरवाजा तुटला त्या दिवशी लोंढा खालच्या पुलाशी बावीस मिनिटांत पोचला, असं तुमच्या नोंदवहीत आहे. माझं गणित पस्तीस म्हणतं. वस्ती रिकामी करायला किती वेळ धरायचा, ते माझ्या अहवालावर ठरणार. पाच वाजता द्यायचाय.

सासरे : आणि तुमचं गणित चुकत नाही. चुकतो तो एकतीस वर्षं धरणावर पाण्याची पट्टी वाचणारा अडाणी सासरा. नाचता येईना, अंगण वाकडं!

जावई : तसं नाही हो. नदीचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडलेत. शेजारच्या तुकड्यांतला फरक घ्यायचा आणि पुढच्या सेकंदाला कुठं किती पाणी असेल ते काढायचं. जगभर असंच करतात.

सासरे : जग राहू द्या. तुमच्या गणितात वरून शंभर बादल्या ओतल्या, तर खाली किती निघतात?

जावई : ...ब्याण्णव.

सासरे : आठ कोण प्यालं?

जावई : थोडी त्रुटी राहतेच—

सासरे : जावईबापू, एका तुकड्यातून निघालं ते पुढच्यात पडलंच पाहिजे. हे आमच्या दरवाजाला तेल घालणाऱ्यालाही कळायचं, आणि तो शाळेची पायरी चढला नव्हता.

जावई : मी पाण्याची खोली आणि वेग सुटे सुटे सोडवले. किती पाणी पुढं गेलं, ते धरून मांडलं नाही. संथ पाण्यात काही बिघडत नाही. लोंढ्याचं तोंड उभं असतं, तिथं हिशेबातून पाणी गळतं. मग गणितातला लोंढा खऱ्याच्या मागं पडतो.

सासरे : वा! संथ पाण्यात चालतं! आणि तुम्हाला विचारलंय कशाचं? लोंढ्याचंच ना?

जावई : नव्यानं मांडायला दोन आठवडे लागतील. तोवर काम दुसऱ्याला जाईल. आणि तुम्ही तरी खाली कुठं होता? तुम्ही वर दरवाजापाशी. पुलावरून कुणा पोरासोरानं ठोकून दिलं असेल.

मुलगी : ते पोरसोर मी होते.

जावई : तू?

मुलगी : अकरा वर्षांची. पुलाच्या चौकीत, हातात बाबांचं जुनं घड्याळ. वरून बाबांचा फोन आला, 'दरवाजा गेला.' मी आधी वेळ पाहिली. बाबांनी तशी सवयच लावली होती.

जावई : कधी बोलली नाहीस.

मुलगी : तू विचारलंस कधी? वही उघडलीस, आकडा आवडला नाही, मिटलीस.

सासरे : पुढचं सांग त्यांना.

मुलगी : आई खाली काठावर चादरी धूत होती. हाका मारत पळाले. ती वर आली तेव्हा अठरा मिनिटं झाली होती. बावीसला तिचा धुण्याचा दगड दिसेनासा झाला.

सासरे : तुमच्या हिशेबानं तिला अजून सतरा मिनिटं होती, जावईबापू. पिळून, घड्या घालून निवांत आली असती.

(आतून कपबशांचा आवाज.)

जावई : तो कागद द्या इकडं.

सासरे : सही न करता?

जावई : फाडतो. साहेबांना कळवतो, अहवाल आज येत नाही.

सासरे : चहा पिऊन कळवा. सासूबाईंनी टाकलाय.